ती हाक मला नव्हती

मंगळवार, ७ नोव्हेंबर २०२३. सकाळचे दहा वाजून पंधरा मिनिटे. घरात माणसे दोन.

निदान मी तरी दोनच धरली होती.

पुढे लिहिले आहे ते माझ्या डोळ्यांदेखत घडले आहे. त्यात एक शब्दही पदरचा नाही. मी तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आणि सारी नोकरी कारखान्यात यंत्रांची देखभाल करण्यात घालवली. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जात असे.

आता जात नाही.

ठिकाण जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग. आमचा मुलगा गौरांग तिथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सूनबाई स्वरूपा सॉफ्टवेअर कंपनीत. मी आणि माझी पत्नी साधना, आम्ही तीन महिन्यांसाठी पुण्याहून त्यांच्याकडे गेलो होतो. दोघे सकाळी कामाला गेले की दिवसभर घरात आम्हीच.

जर्मनीत भाडेकरू घर सोडताना स्वयंपाकघराच्या ओट्यासकट सगळे उचलून नेतो. या घरात मात्र आधीच्या भाडेकरूचे थोडे सामान तसेच राहिले होते. एक टीव्ही, बाल्कनीत लावलेली डिश आणि टीव्हीसमोर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन आरामखुर्च्या. आयते मिळाले म्हणून गौरांगने ते ठेवून घेतले.

त्या टीव्हीवर एक ब्रिटिश चॅनल लागत असे.

तेवढा एकच.

साधनाला त्याचे वेड लागले. सकाळी माळ्यावरच्या जुन्या वस्तूंचा लिलाव. मग समुद्रकाठी घर शोधणारी जोडपी. दुपारी बातम्या, घोड्यांच्या शर्यती, बागकाम. चहाच्या वेळी प्रश्नमंजुषा आणि दिवे लागायच्या सुमारास चर्चमधले गायन. ती डाव्या खुर्चीत बसे. उजवी रिकामी असे.

"बाबा, आईंचा साहेब आला बरं का!" सुट्टीच्या दिवशी स्वरूपा टीव्ही लागला की मला चिडवायची. साधना लाजून हसायची.

ते हसणे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. मला ते आवडले नाही.

त्या मंगळवारी मी ठरवले, आज दिवसभर तिच्यासोबत बसायचे. मी उजव्या खुर्चीत जाऊन बसलो.

खुर्ची गरम होती...

हिटर दूर होता. बाहेर धुके होते आणि उन्हाचा पत्ता नव्हता. मी हात लावून पाहिले. फक्त बैठक आणि पाठ गरम होती. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

"तिथे नका बसू," साधना टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली.

"का?"

"सोफ्यावर बसा ना. जागा काय कमी आहे?"

मी सोफ्यावर गेलो. का गेलो, हे मला आजही सांगता येत नाही.

लिलाव सुरू झाला. एक म्हातारी पितळी घड्याळ घेऊन आली होती. साधना हसली. नंतर टीव्हीवरचे लोक हसले.

आधी साधना... मग टीव्ही.

असे पुन्हा घडले. आणि पुन्हा. तिला कोणी तरी आधीच कानात सांगत होते.

दुपारच्या बातम्या संपल्यावर ती चहा करून घेऊन आली. एक कप तिने मला दिला, एक स्वतःला घेतला आणि तिसरा उजव्या खुर्चीच्या हातावर ठेवला. दूध जास्त, साखर अजिबात नाही.

"हा कोणाला?"

"असू दे हो."

मी स्वयंपाकघरात जाऊन गौरांगला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. काय झालं?"

"तुझी आई रिकाम्या खुर्चीला चहा देते आहे."

"आल्झो... म्हणजे, एक कप जास्त केला असेल तिने, सवयीने. तिला करमतंय ना तिथे? मग झालं तर."

"दिवसभर त्या चॅनलसमोर असते. मी समोर असून नसल्यासारखा."

तो हसला. "बाबा, तुम्ही टीव्हीवर जळताय की काय?"

मी फोन ठेवला. तो बरोबर बोलला होता. फक्त टीव्हीवर नव्हे.

तेवढ्यात दिवाणखान्यातून साधनाची हाक आली.

"अहो! लवकर या, तुमचा घोडा पुढे आलाय!"

मला बरे वाटले. मी लगबगीने बाहेर आलो.

"कुठला घोडा?"

तिने माझ्याकडे पाहिले. दारात अनोळखी माणूस उभा असावा, तसे.

"तुम्हाला नाही," ती म्हणाली.

आणि उजवीकडे वळून पुढे बोलू लागली.

मी खुर्चीकडे पाहिले. कप रिकामा होता...

मग मी सोफ्यावर बसून निरीक्षण करत राहिलो. यंत्र बिघडले की असेच करायचे असते. आधी पाहायचे, ऐकायचे, मग हात लावायचा.

चार वाजता प्रश्नमंजुषा लागली. बाहेर अंधारू लागले होते. सूत्रसंचालकाने कसल्याशा जुन्या इंग्रजी सरदाराविषयी विचारले. साधना मराठी माध्यमातून शिकलेली. विमानतळावर इंग्रजी फॉर्म भरतानाही ती माझ्या तोंडाकडे पाहते.

तिने उत्तर दिले. अचूक. उच्चार अगदी तिथला.

उजव्या खुर्चीची स्प्रिंग करकरली. कोणी खूश होऊन पुढे झुकावे, तशी...

आता मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. माझ्या पोटात जे पेटले ते निराळेच होते. माझी बायको, माझ्यासमोर, एका परपुरुषाला उत्तरे देऊन खूश करत होती. आणि तो मला दिसतही नव्हता!

मी उठलो आणि टीव्हीच्या मागे गेलो.

बिघाड शोधण्याची एक साधी पद्धत आहे. एकेक भाग काढून बाजूला करायचा आणि यंत्र थांबते का ते पाहायचे.

मी डिशची केबल काढली.

चित्र गेले नाही.

इंटरनेटवरून येत असेल, म्हणून राउटर बंद केला.

चित्र गेले नाही. सूत्रसंचालक पुढचा प्रश्न विचारत होता.

"राहू द्या ना हो," साधना म्हणाली. आवाजात विनवणी होती. "त्यांना नाही चालत बंद केलेलं."

त्यांना!

त्या एका शब्दाने माझा तोल गेला. मी टीव्हीची पिन सॉकेटमधून ओढून काढली.

टीव्ही बंद झाला.

खोलीत शांतता पसरली. फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती...

मग उजवी खुर्ची करकरली. हळूहळू, म्हाताऱ्या माणसाने दोन्ही हात टेकून उठावे तशी. बैठकीचा खळगा माझ्या डोळ्यांदेखत वर आला.

लाकडी जमिनीवर पाऊल वाजले... मग दुसरे. दाराच्या दिशेने.

साधनाची नजर त्या आवाजाबरोबर सरकत गेली.

"अहो, थांबा... मी येते."

ती उठली. मी धावत जाऊन तिचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता.

"साधना! मी इथे आहे!"

ती वळली. अगदी शांतपणे, आदराने माझ्याकडे पाहिले.

"हो, वासुदेवराव. दिसताय की."

वासुदेव हे माझे नाव. लग्नात उखाण्यात घेतले होते, त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांत ते तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. शेजारच्या गृहस्थांना हाक मारावी, तसे.

मी तिचा हात सोडला.

संध्याकाळी मुले आली. मी गौरांगला घेऊन खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लेमान या म्हाताऱ्या बाईंकडे गेलो. त्या या इमारतीत सर्वांत जुन्या. त्यांनी जे सांगितले ते गौरांगने मला मराठीत सांगितले.

आधीचा भाडेकरू इंग्रज होता. सैन्यातून निवृत्त होऊन इथेच राहिला. बायको आधी गेली. तिच्यामागे तो सकाळपासून तो चॅनल लावून उजव्या खुर्चीत बसायचा आणि डाव्या खुर्चीशी बोलायचा. शेवटी त्याच खुर्चीत वारला.

"टीव्ही कधी बंद करायचा नाही, म्हणतात," गौरांग म्हणाला. "घराबाहेरही पडायचा नाही. टीव्ही चालू आहे तोवर बायको शेजारी आहे, बंद पडला तर तिच्याबरोबर निघावं लागेल, असं म्हणायचा." मग म्हातारीचे पुढचे बोलणे ऐकून तो थांबला.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही, बाबा."

"गौरांग!"

"त्या विचारतायत... टीव्ही कोणी बंद तर केला नाही ना?"

मी वळून जिना चढू लागलो.

दुसऱ्या दिवशी मी डिशची केबल पुन्हा जोडून टीव्ही लावून पाहिला. तो चॅनल लागला नाही. पुन्हा कधीच लागला नाही. साधनाने त्याची चौकशीही केली नाही. दोन्ही खुर्च्या गार होत्या. गौरांगला वाटले, प्रश्न मिटला. मलाही तसेच वाटायला हवे होते.

ठरल्या तारखेला आम्ही पुण्याला परतलो. विमानात माझ्या आणि तिच्यामध्ये एक जागा मोकळी होती. मी तिच्या शेजारी सरकू लागलो, तर तिने त्या जागेवर हात ठेवला.

डॉक्टरांना दाखवले. सर्व तपासण्या ठीक आहेत. साधना आनंदी आहे, पूर्वीपेक्षा अधिक. माझी औषधे वेळेवर देते. पानात आवडीची भाजी वाढते. "वासुदेवराव, जेवायला बसा," म्हणते.

आणि "अहो" ही हाक आमच्या घरात रोज ऐकू येते. स्वयंपाकघरातून, गच्चीतून, कधी कधी माझ्या पाठीमागूनच. प्रत्येक वेळी माझ्या तोंडून "काय गं?" निघून जाते. मग हसू ऐकू येते. तिचे... आणि आणखी एक, जरासे मागून येणारे.

परत येऊन अकरा महिने झाले. या अकरा महिन्यांत त्या हाकांपैकी मला आलेल्या: शून्य.