बाहेरचे पान

केळीचे पान दोन्ही हातांवर तोलून धरत पूजा मागच्या दारात आली आणि उंबऱ्याच्या आतूनच नणंदेला म्हणाली, "ताई, नीट धरा हां. सांबारा पातळ झाला, सांडात."

अनुजाने पान घेतले. रात्रपाळी संपवून ती सकाळच्या एस.टी.ने मिठबावला उतरली होती, विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतले होते आणि ओल्या केसांनी तशीच परसात येऊन उभी राहिली होती. आज घरचा महाळ. पितरांचे जेवण. पानावर सगळे होते... वडे, काळ्या वाटाण्याचे सांबारे, भोपळ्याची भाजी, अळू, खीर. घरात मांडलेल्या पानांवर जे, तेच याही पानावर. फक्त हे पान घरात मांडायचे नसे. माडांच्या पलीकडे, जिथे घराची सावलीही पोचत नाही तिथे ते ठेवायचे आणि मागे न बघता परतायचे, अशी रीत. घरात त्याला 'भायला पान' म्हणत. कुणाचे, ते तोंडाने कुणी म्हणत नसे. माहीत मात्र सगळ्यांना होते.

हौसाबाईचे. अनुजाच्या पणजोबांची, म्हणजे भिकाजींची ती थोरली बहीण. बालविधवा होऊन माहेरी आली, वेंगुर्ल्याला मिशनच्या दवाखान्यात शुश्रूषा शिकली, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या त्या महायुद्धात मुंबईच्या लष्करी इस्पितळात नर्स म्हणून गेली. बसऱ्याहून जखमी शिपायांनी भरलेल्या बोटी तिथे येत. नाना जातींची, नाना धर्मांची माणसे. त्यांचे रक्त, पू, मलमूत्र, शेवटी त्यांची प्रेतेही तिच्या हातांखालून गेली. ती गावी परतली तेव्हा घराने तिला आत घेतले नाही. उरलेला सगळा जन्म तिने परसाच्या टोकाला, गवत आणि शेतीची अवजारे ठेवायच्या मांगरात काढला... आणि मेल्यावरही ती बाहेरच जेवत होती.

आता त्याच मांगरात अनुजा राहत होती.

"पूजा," ती हळूच म्हणाली, "यंदा आयेच्या पानार भात मी वाडू?"

पूजाने चटकन मागे, माजघराकडे पाहिले. ती वाईट बाई नव्हती. पण तिला नवऱ्याबरोबर त्याच घरात नांदायचे होते.

"ह्यांका इचारतंय," ती पुटपुटली.

विचारावे लागले नाही. आतून जितेंद्रचा आवाज आला. "पान देवन झाला काय गो? भाई गाऱ्हाणा घालूक थांबलेत." गाऱ्हाणे म्हणजे पितरांना घालायची विनवणी, आणि ती वडील घालत.

अनुजाच्या धाकट्या भावाचा हा आवाज, एकेकाळी तिच्याच कडेवर बसून बोबडे बोललेला... करोनाच्या वर्षापासून तो तिच्याशी सरळ बोलला नव्हता. बोलायचे ते पूजाला सांगायचे आणि अनुजाने ऐकायचे.

त्या वर्षी ती तालुक्याच्या दवाखान्यात करोनाच्या वॉर्डात नर्स होती. घरी येणे तिने आपणहून बंद केले होते. दवाखान्यातच एका खोलीत निजायची, फोनवर आईशी बोलायची. आणि एक दिवस आईच, सीताबाई, रुग्णवाहिकेतून तिच्या वॉर्डात आली. परत गेली नाही. दिवस झाल्यावर जितेंद्र साऱ्या गावासमोर म्हणाला होता, "हिनाच हाडल्यान ता घरात. हिच्या अंगावरना इला आणि आयेक घेवन गेला." गावाने मान डोलवली. नर्सच्या घरात मरण शिरले तर ते नर्सच्याच पदराला धरून शिरले असणार, याहून सोपे उत्तर कुणाला हवे होते? चार दिवस मांगरात राहा, असे तेव्हा कुणीतरी म्हणाले. बाहेर राहा असे नंतर कुणी म्हटले नाही, आत ये असेही कुणी म्हटले नाही. ते चार दिवस संपायचे राहूनच गेले.

अनुजाला खरे ठाऊक होते. महिनाभराहून अधिक काळ तिने घराचा उंबरा पाहिला नव्हता आणि हा आजार इतका वेळ दबा धरून बसत नाही, एवढे तिचे शिक्षण तिला सांगत होते. पण तो कुठून आला ते शिक्षणाने कळले नव्हते, आईने सांगितले होते. जितेंद्र टाळेबंदीत मुंबईहून गावी आला तेव्हा गावाने सगळ्या मुंबईकरांना शाळेत वेगळे ठेवले होते. लेक बाकावर निजतो, कुणी काय देईल ते गिळतो, हे त्या माऊलीला सोसवले नाही. तिन्हीसांजेला ती कुपाच्या, म्हणजे कुंपणाच्या आडवाटेने शाळेच्या मागे गेली, खिडकीला उभी राहिली आणि बांगड्याचे तिखले आणि भात तिने त्याला आपल्या हाताने भरवले. त्याचे कपाळ तेव्हा तापले होते. ते पुसलेही तिने, पदराने.

"जितूक सांगा नको," वॉर्डात मुखवटा बाजूला सारून ती म्हणाली होती. प्रत्येक शब्दामागे धाप. "तो जीव देयत गो. तू... तू घट आसस."

तू घट्ट आहेस. या एका वाक्यावर अनुजाने ही वर्षे काढली होती. खूप थकवा येई कधी कधी. कामाचा नव्हे, या घट्टपणाचा. रात्रभर परक्यांची अंथरुणे बदलायची आणि सकाळी स्वतःच्याच घराला वळसा घालून मांगराकडे जायचे... मनातल्या मनात तिने कैकदा जितूशी भांडण केले होते, कैकदा सगळे सांगून टाकले होते, आणि दर वेळी आईचा तो घरघरता श्वास आडवा आला होता. आता तिला न्याय नको होता. फक्त आईच्या पानावर एकदा भात वाढायचा होता. इतक्या वर्षांत तो तिने वाढला नव्हता, आणि आज नाही तर पुढच्या महाळाला विचारायचेही त्राण आपल्यात उरणार नाही, हे तिला कळत होते.

पान घेऊन ती माडांकडे वळली.

"थांब गो चेडवा."

हाक आतून आली होती. भाईंची. तिचे वडील दत्ताराम, ज्यांना घरदार आणि गाव भाईच म्हणे, मांडलेल्या पानांसमोर पाटावर बसले होते. ऐंशी ओलांडलेला देह. पण गाऱ्हाण्याच्या दिवशी आवाज अजून खणखणीत लागे. आज तो तसा लागला नव्हता.

"भाई, उशीर होता," जितेंद्र म्हणाला. "भायला पान ठेवन येवंदे तिका. मगे सुरू करा."

"माका जमाचा नाय. आदी ती भायली आत हाडा."

"भायली? खंयची?"

"दोघीय."

चुलीवरचा भात रटरटत होता. जितेंद्र कसनुसे हसला. "तुमका काय झाला? रीत बदलतास आता ह्या वयात?"

"फुडल्या वर्सा गाऱ्हाणा तू घालतलंस. माझा काय खरा नाय. तेच्याआदी एक गजाल ऐकान घे, आणि मगे काय ती रीत चालव." भाईंनी भिंतीकडे बोट केले. तिथे फौजी वर्दीतल्या भिकाजींची तसबीर होती. गाऱ्हाण्यात मूळपुरुषानंतर पहिले नाव त्यांचेच असे. "ह्या माझ्या आजयाच्या मांडयेत गोळी घुसलली. वर हगवण. बोटीतसून उतरयल्यानी तेवा जितो आसा काय मेलो, ताच कळत नाय होता. इस्पितळात डोळे उघडल्यान, तर पेजेची वाटी घेवन फुड्यात कोण उबी? भयण. हौसाबाय. म्हयनोभर तिनाच भरयल्यान, तिनाच हगलला-मुतलला काडल्यान, तिनाच जखम धुतल्यान."

"ह्या आमका कधी कोणी सांगाक नाय," पूजा म्हणाली.

"कोण सांगतलो? घराक इलो तो वाजतगाजत. लगीन ठरलला तेचा. वाडवडलांनी उंबऱ्यारच इचारल्यानी, थंय कोणाच्या हातचा खाल्लंस रे? बाटलेल्या भयणीच्या हातचा खाल्लंय म्हणान सांगलो असतो, तर तोय भायर. लगीन मोडला असता. मगे मी नाय, तू नाय." भाई श्वास घ्यायला थांबले. "तेना सांगल्यान, थंय आमच्यातलोच आचारी होतो."

"आणि ती?" पूजाने विचारले.

"ती थंयच. तेच्याच मागे, ट्रंक घेवन उबी. सगळा ऐकल्यान. तेच्याकडे एकदा बघल्यान, आणि एक शब्द बोलाक नाय. मांगराकडे चलाक लागली."

मागच्या दारात अनुजा उभीच होती. पान जड नसते. पण फार वेळ धरले की हात भरून येतात, तसे तिचे आले होते. गवताच्या भाऱ्यांशेजारी जिथे ती रोज निजे, तिथेच कुठेतरी त्या बाईनेही पाठ टेकली असेल... आपल्या हातांनी जगवलेला भाऊ समोरच्या घरात लग्न करताना, बाप होताना, म्हातारा होताना तिने तिथूनच पाहिला असेल. तो वाचला, या समाधानावर ती जगली असेल का? की तेही कधीतरी पुरेनासे झाले असेल?

"आजो मरताना माका म्हणालो," भाईंचा आवाज आता अगदी खाली आला होता, "'दतू, मी तिच्या पेजेर जगलंय आणि घरात जेवलंय. ती भायर जेवली. माझा तोंड काय उघडला नाय.' मगे माझाय उघडाक नाय. घराचा नाव, मेलेल्याचा नाव... म्हटला, कित्याक उकरूचा. आणि ह्या चेडू माझ्या डोळ्यांफुड्यात त्याच मांगरात गेला, तेवाय मी बगीतच रवलंय."

जितेंद्र उठला. तो मागच्या दारापर्यंत आला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बहिणीच्या अगदी समोर, उंबऱ्याच्या अलीकडे उभा राहिला. त्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. हे तिने इतक्या जवळून पाहिले नव्हते.

"ताई, आयेन तुका काय सांगल्यान काय? वॉर्डात?"

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल. शाळेतल्या दिसांबद्दल."

अनुजाने त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि तिला कळले की याला सारे माहीत आहे... पहिल्या दिवसापासून माहीत आहे. खिडकीतून आत आलेला आईचा हात तो विसरलेला नाही, आणि विसरता येत नाही म्हणूनच त्याने ते खापर कुणाच्या तरी, ज्याला ते पेलेल अशा माणसाच्या माथ्यावर ठेवले होते. क्षणभर तिच्या मनात संतापाची एक लाट उसळली. बोलावे, सगळे बोलावे, आता तरी. पण समोर उभा असलेला हा पुरुष आईच्या नावाने आतून कधीचाच कोसळलेला होता, आणि पडलेल्या माणसाला आणखी पाडायला तिचे हात कधी शिकलेच नव्हते.

"नाय रे," ती म्हणाली. "धाप लागलली तिका. बोलाक खंय येय होता."

"तू खोटा बोलतंस," तो म्हणाला. "आजूनय माझ्यासाटीच खोटा बोलतंस." त्याचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. "माका ताप होतो गो. तिका जा म्हणान सांगूक होया होता. माका भूक लागलली..."

"ता आवशीचा काम, जितू. तू जा म्हटलं असतंस तरी ती जावची नाय होती."

"मी गावासमोर तुझा नाव घेतलंय."

"व्हय. घेतलंस." ते तिने नाकारले नाही. तेवढे खोटे तिला आता झेपणार नव्हते. "माझे हात भरान इले रे. ह्या पान खंय ठेवूचा ता सांग आदी."

त्याने पान तिच्या हातातून घेतले. एका हाताने पान सावरत दुसऱ्या हाताने त्याने तिचे मनगट धरले, घट्ट, आणि तिला उंबऱ्यातून आत घेतले. पूजाने न सांगता भिकाजींचे पान जरा सरकवले. तिथे हौसाबाईच्या पानाला जागा झाली.

भाईंनी गाऱ्हाणे घातले. "बा मुळपुरसा, बा भिकाजी, गो हौसाबाय... चुकला-माकला पोटात घाल गो आये. तुझी लेकरां आज तुका घरात जेवूक वाडतत, ता गोड मानून घे." शेवटच्या शब्दांना त्यांचा आवाज फाटला, आणि पूजाने पदर तोंडाला लावला.

मग अनुजाने आईच्या पानावर भात वाढला. या क्षणी आपण ऊर फुटून रडू असे तिला नेहमी वाटत आले होते. ती रडली नाही. भात जरा जास्त शिजला आहे आणि आईला तो मोकळा आवडे, एवढेच तिच्या मनात आले. मग तिने बोटांनी तो हलकेच सैल केला आणि वर तूप घातले.

जेवणे झाल्यावर ती आईच्या खोलीत भिंतीला टेकून जरा बसली ती तशीच कलंडली. कुणीतरी डोक्याखाली उशी सरकवली, पंखा लावला. झोपेच्या काठावरून तिला अंगणातली हाक ऐकू आली. शेजारची रश्मी होती, पोराला ताप भरला म्हणून घाबरून आलेली.

"ताई खंय? मांगरात बघलंय, नाय दिसाक."

तिने उठायचा प्रयत्न केला, सवयीने. पाय उचलेनात. मग जितेंद्रने दार ओढून घेतले आणि त्याचा बेताने बोललेला आवाज तिला ऐकू आला.

"घरात आसा ती. निजली आसा, उटवू नको. चेड्याक घेवन ये, मी गाडी काडतंय."