मारोतरावांचं वाक्य

गंगू विहारात गेली ती बापाला जेवायला बोलवायला. साल चौऱ्याहत्तर, गंगूला एकोणिसावं लागलेलं. भीमजयंतीच्या नाटकाची तालीम चालली होती. आसेगावात दरवर्षी नवं नाटक व्हायचं, लिहायचे शेषराव गुरुजी. नट रोजमजुरीवाले, बहुतेकांना अक्षर येत नसे. म्हणून पडद्याआडून एकानं वाक्य वाचायचं आणि नटानं ते उचलायचं. वाचणारा नेमका तापानं पडलेला. गुरुजींनी कागद गंगूच्या हातात दिले.

"सातवी झाली ना तुही? बस मांगं. वाच."

तिनं होतं तसं वाचलं—

*सुधाकर : (हात जोडून) काका, मी एक मागणं घेऊन आलो आहे.*

समोरचा उंच तरुण छाती काढून गरजला, "हात जोडून काका, मी एक मागनं घेऊन आलो आहे!"

सगळे हसून लोळले. तरुणानं पडदा सारून आत पाहिलं. डोळे मोठे, कपाळावर घाम.

"तुमीच तर सांगतलं!"

"कंसातलं बोलायचं नसते, करायचं असते."

"कंस? मले कसा समजन तो?"

"कंस आला का मी खोकलीन."

"लय खोकला लागन मंग तुमाले..." तो हसला.

तो देवमन. किन्हीराजा गावचा, इथं मामाकडे राहून कामाला जायचा. तालमी रोज संध्याकाळी होत. हळूहळू गंगू कंस नसतानाही खोकू लागली. देवमन थांबायचा, पडद्याकडे बघायचा.

"आज कंस लय हायेत वाट्टे?"

"पाठ करा ना मंग."

"पाठ केलं तं तुमी कायले सांगान?"

जयंती चार दिवसांवर आली तेव्हा गंगूची आई तुळसाबाई म्हणाली, "जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मानोऱ्याचे पाहुने येऊन राह्यले तुले पाहाले. पोरगा कचेरीत शिपाई हाय."

गंगूनं ते देवमनला सांगितलं. विहाराच्या पायरीशी तो चप्पल शोधत होता.

"तुमाले काही बोलायचं हाय?"

एक चप्पल सापडली, ती त्यानं हातातच धरली. मग म्हणाला, "मी काय बोलू... तुमी सांगता ते मी बोलतो."

"तं राहू द्या," ती म्हणाली आणि घरी गेली.

जयंतीला दिवेलागणीलाच गाव बसलं. गॅसबत्तीभोवती किडे. नायिका झालेला जगदेव लुगडं सावरत उभा. नायिकेच्या बापाचं काम गंगूच्या बापाला, मारोतरावांना. दुसऱ्या अंकाचा शेवट आला. गंगूच्या पुढ्यात कागद होता—

*सुधाकर : माझ्याजवळ शिक्षण आहे, काका. तुमची विमल मला द्या.*

*काका : निघ माझ्या दारातून!*

गंगूनं ओठ मिटले.

देवमननं पडद्याकडे कान केला. काही नाही. वाक्य त्याला येत होतं, महिनाभर ऐकलेलं. तरी तो ते बोलला नाही.

"थांबला काहून रे?" गर्दीतून सोजरबाई ओरडली.

"मारोतकाका..." देवमनचा आवाज नाटकातला नव्हता. "माह्याजवळ शिक्षन नाही. ते सुधाकरजवळ हाय. मी कामाले भीत नाही, येवढंच. आन्... पडद्यामांगं जे बसली हाय, तिचा आवाज आयकल्याबिगर माहा दिवस मावळत नाही. तुमची गंगू मले द्या."

जगदेवचा पदर खांद्यावरून घसरला, त्याला कळलंही नाही.

मारोतराव पडद्याशी वाकले. "गंगे, माहं वाक्य सांग."

गंगूनं कागद पालथा घातला.

"तुमचं तुमीच सांगा, बाबा."

मारोतरावांनी फेटा काढून तोंड पुसलं. बायांमध्ये बसलेल्या तुळसाबाईकडे पाहिलं. तिनं पदरात तोंड लपवलं होतं. रडत होती की हसत होती, दिसेना.

"मानोऱ्याच्या पाहुन्यायले," ते शेवटी म्हणाले, "चहा पाजून वापस धाडू."

शिट्ट्या वाजल्या. शेषराव गुरुजी धावत मंचावर आले, दोन्ही हात डोक्याला.

"अहो मारोतराव, तुमी नाही म्हनल्याबिगर माहा तिसरा अंक कसा होईन?"

मारोतरावांनी फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला.

"नोका करू."