दुकानातला सगळ्यात वाईट शर्ट

तो दुकानात शिरला तोच उलट्या पावलांनी. तोंड रस्त्याकडे, पाठ दुकानाकडे, आणि चेहऱ्यावर काही घडलंच नाही असा आव. बसमधून उतरताना त्याची पँट मागून टर्रकन फाटली होती. रस्त्यावरच्या लोकांपासून अब्रू वाचवण्याच्या नादात दुकानातल्या लोकांचा विचार करायचा राहूनच गेला होता.

"थांबा, मागे शिडी आहे!" दुकानातली मुलगी ओरडली.

तो गर्रकन वळला, तिला बघून लालबुंद झाला, पुन्हा वळला, आणि आता कुठेही वळून उपयोग नाही हे कळल्यावर भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"एखादी पँट... मिळेल का?"

"पडद्याआड जा. बाकीचं मी बघते."

"बघितलंच की तुम्ही," भिंतीजवळून बारीक आवाज आला.

तिने ओठ चावून हसू दाबलं आणि पडद्यावरून दोन पँटी आत टाकल्या. "ही बरी वाटते, की ती?"

आतून हसण्याचा आवाज आला. मोकळा, स्वतःवरच खूश असलेला. "दिवसभर मी लोकांना हेच विचारत असतो हो! आता स्पष्ट दिसतंय, की आता? मला मात्र आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

तो पलीकडच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. दुसऱ्या दिवसापासून तिची मावशी त्याला चष्मेवाला म्हणू लागली, आणि दुकानात त्याचं दुसरं काही नावच उरलं नाही.

दुकान मावशीचं. तिथे जुने, धुऊन-दुरुस्त केलेले कपडे मिळायचे आणि मोठ्या दुकानांतून उरलेले नवे. पण एकटा शर्ट किंवा एकटी पँट तिथे टांगलेली दिसायची नाही. प्रत्येक हँगरवर एक जुळणी असायची. एकीचा जुना शर्ट, दुसरीचा घेरदार स्कर्ट, तिसरीच्या ओढणीतून कापलेला रुमाल, सगळं टाचणीने एकत्र लावलेलं. या जुळण्या ती करायची, मावशीची भाची. महिनाअखेरीलाही परवडेल अशा किमतीत माणूस आपल्यासारखा दिसला पाहिजे, एवढाच तिचा हट्ट. ती स्वतः निळ्या सुती फ्रॉकवर कुणा आजोबांचं जाकीट घालायची, कमरेला पडद्याची दोरी बांधायची, आणि जाकिटाचं एकही बटण दुसऱ्यासारखं नसायचं. अंगावरचं सगळं मिळून एका सिनेमाच्या तिकिटाइतकंही पडलेलं नसायचं. रस्त्यातल्या बायका मात्र वळून बघायच्या.

चार दिवसांनी तो पिशवी भरून शर्ट घेऊन आला. सगळे राखाडी.

"हे काय, गणवेश?"

"वहिनी एकदम गठ्ठ्याने आणते. स्वस्त पडतात."

"स्वस्त पडतात, पण तुम्ही त्यांत फिके पडता त्याचं काय?" ती एकेक शर्ट उलगडत म्हणाली. "तुम्ही शीळ घालता, स्वतःच्याच विनोदावर हसता, आणि शर्ट बघावा तर... झोपलेला."

"मग उठवा त्याला."

आणि ती खरंच मागे लागली. नवं काही घेऊ दिलं नाही. आधी आहे ते वापरा, म्हणाली. एका राखाडी शर्टाची कॉलर काढून पट्टी लावली, एकाला गडद हिरवी बटणं बसवली, एक बाह्या दुमडून पांढऱ्या गंजीवर उघडाच घालायला लावला. तो रोज संध्याकाळी आपलं दुकान बंद करून यायचा आणि आरशासमोर उभा राहायचा.

"अंगावर एकच गोष्ट बोलली पाहिजे," ती त्याची बाही दुमडत सांगायची. "बाकीच्यांनी ऐकायचं. सगळ्याच बोलायला लागल्या की नुसता गोंगाट."

"आणि आत्ता कोण बोलतंय?"

"बटणं."

"मला वाटलं, तुम्ही..."

"मी तर बोलतेच. सरळ उभे राहा."

एकदा ती त्याच्या शर्टावर वाफेची इस्त्री फिरवत होती. तो कुतूहलाने इतका जवळ वाकला की चष्म्यावर धुकंच धुकं. त्याने चष्मा काढला, डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं, आणि बघतच राहिला.

"काही दिसतंय का?" तिने विचारलं.

"फक्त जवळचं," तो म्हणाला.

इस्त्रीखाली खिसा जरासा करपला. मावशी आतून म्हणाली, "काहीतरी जळतंय गं." ती कानापर्यंत तापली. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने स्वतःशी कबूल करून टाकलं की हा माणूस तिला आवडतो, आणि तो उद्या आला नाही तर दिवस वाया जाईल.

तो शिष्यही पक्का निघाला. महिनाभरात कुणा गिऱ्हाइकाची जुळणी बघून तिच्याआधी सांगू लागला, "पट्टा फार बोलतोय." ती मान डोलवायची आणि मनातल्या मनात खूश व्हायची.

मग एका संध्याकाळी तो आला तो गप्प. शीळ नाही, काही नाही.

"रविवारी एक भेट आहे," तो हँगर उगाच इकडचा तिकडे करत म्हणाला. "आत्याने ठरवलीय. बँकेत असते मुलगी. तलावाजवळच्या कॅफेत अकरा वाजता... म्हणजे, आत्याचं मन मोडवत नाही. काय घालू?"

हातातली टाचणी बोटात गेली तेही तिला कळलं नाही. बँकेतली मुलगी त्याला त्या हिरव्या बटणांच्या शर्टात बघणार. तो स्वतःच्याच विनोदावर हसणार, तीही हसणार. आणि मग संपलंच. तिनेच त्याला इतका देखणा करून ठेवला होता, आणि आता तो दुसरीच्या पुढ्यात जाऊन बसणार होता.

"थांबा," ती म्हणाली. "आणते."

ती आतल्या खोलीत गेली. तिथे एक पेटी होती, कुणालाच शोभणार नाहीत अशा कपड्यांची, पायपुसणी करायला ठेवलेली. तिने त्यातून पिवळाधमक शर्ट काढला, कॉलर वीतभर रुंद. खाली घोट्याच्या वर संपणारी तपकिरी चट्ट्यापट्ट्यांची पँट. वर मासे छापलेला टाय. एकही गोष्ट ऐकत नव्हती, सगळ्या एकदम बोंबलत होत्या.

तो पडद्याआडून बाहेर आला. आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हेच? नक्की?"

"अगदी नक्की," ती म्हणाली, आणि तिने नजर टायवरच्या माशांवर ठेवली. "शोभतंय तुम्हाला."

"बरं," तो म्हणाला. जाताना दारात जरा घुटमळला आणि गेला.

रविवारी सकाळी मावशीने तिला चौथ्यांदा त्याच स्कर्टची घडी घालताना बघितलं.

"काय झालंय? सांगून टाक."

तिने सांगून टाकलं. पेटी, शर्ट, मासे, सगळं. मावशी खुर्चीतून पडेपर्यंत हसली.

"झालं ना मग तुझ्या मनासारखं? पळून जाईल ती पोरगी."

पण तिला हसू येत नव्हतं. तो तिथे बसला असेल, त्या रुंद कॉलरीत, लोक वळून वळून बघत असतील, आणि त्याला वाटत असेल आपण झकास दिसतोय. तिने सांगितलं म्हणून. त्याने डोळे झाकून विश्वास ठेवला होता, आणि तिने त्याचा तमाशा करून ठेवला. तो दुसरीचा झाला तरी चालेल, पण असा दिसायला नको! तिने हँगरवरून एक साधा पांढरा शर्ट ओढला आणि चपला नीट न घालताच पळाली.

कॅफेच्या बाहेरच्या टेबलाशी तो बसला होता, पिवळाजर्द, दुरूनही चुकणार नाही असा. शेजारच्या टेबलावरचं पोर तोंडातला चमचा काढायला विसरून त्याच्याकडे बघत होतं. समोरची खुर्ची रिकामी होती.

"आली नाही अजून?" ती धापा टाकत म्हणाली. "देवाची कृपा! हा घ्या, हा घाला, लवकर—"

"ती येणार नाहीये. काल मीच फोन करून माफी मागितली. आत्याचीही बोलणी खाल्ली."

"मग... मग हे घालून कशाला बसलात?"

"तुमची वाट बघत."

ती खुर्चीत बसली.

"महिनाभर शिकवलंत ना मला," तो म्हणाला. "आरशात बघितलं आणि कळलं, हा अख्ख्या दुकानातला सगळ्यात वाईट शर्ट आहे. आता तुमच्या हातून इतकी मोठी चूक होणं शक्य नाही. म्हणजे मुद्दाम. आणि मुद्दाम का, याचा विचार करता करता..." तो थांबला. "मला एकच कारण सुचलं. ते खरं नसेल तर मी आज गावातला सगळ्यात मूर्ख माणूस आहे. तसा दिसतोच आहे."

तिने टेबलावरची साखरेची पुडी घेतली, दुमडली, उलगडली.

"तेच कारण आहे," ती पुटपुटली.

"स्पष्ट सांगा. माझ्या धंद्यात अंधुक चालत नाही."

"तू तिला आवडायला नको होतास!" ती एका दमात बोलून गेली. "मला आवडतोस तू. त्या पँट फाटलेल्या दिवसापासून... नाही, वाफेच्या दिवसापासून. मला माहीत नाही कधीपासून. पण आवडतोस."

त्याने टेबलावरून हात पुढे करून तिच्या बोटांतली साखरेची पुडी अलगद काढून घेतली आणि तिचा हात हातात घेतला. त्याचा चेहरा शर्टाहून उजळ झाला होता.

"आता तरी बदल तो," ती डोळे पुसत हसली. "लोक बघतायत."

"बघू देत. ज्या शर्टानं मला हे सांगितलं, तो मी आज काढणार नाही."

"अरे, पण भर बाजारातून जायचंय! लोक विचारतील, हे कुणी घालायला लावलं म्हणून. माझं काय नाव राहील?"

"मग मी पुढे जातो, तू मागून ये."

ती क्षणभर थांबली. बाजारातली निम्मी माणसं तिने केलेल्या जुळण्या घालून फिरत होती, आणि वाईट जुळणी तिच्या नावावर आजवर एकही नव्हती. तिने पांढरा शर्ट पिशवीत कोंबला आणि त्याच्या दंडात हात घातला.

ते निघाले. फुलवाली बघतच राहिली. न्हाव्याने कात्री थांबवली. केस अर्धे कापलेलं गिऱ्हाईक खुर्चीतून वाकून बघायला लागलं, आणि शेवटी न्हाव्याने दारात येऊन विचारलंच, "काय हो चष्मेवाले, हे कुणी चढवलं तुमच्या अंगावर?"

तो उत्तर द्यायच्या आत ती म्हणाली, "मी!" आणि त्याचा दंड आणखी घट्ट धरून ऐटीत पुढे चालू लागली.