कडुनिंबाखालचा ठिपका

झरी गावात शुभदाला रेंज मिळे ती एकाच जागी: वावराच्या कडेला, कडुनिंबाखालच्या बाजेवर. ती जागा खरी तिच्या मायची, सगुणाबाईची. माय तिथे दुपारभर भुईमुगाच्या शेंगा फोडायची आणि लेक शेजारी लॅपटॉप उघडून आकाशगंगेच्या मध्याजवळचे क्ष-किरण स्रोत तपासायची. पुण्याच्या संस्थेचं काम सरळ होतं. जुन्या नकाशातला कोणता ठिपका मंदावला, कोणता विझला, हे दर मंगळवारच्या नव्या नोंदीवरून लिहायचं.

"हे तर आपलं वावर हाय," एकदा माय डोकावून म्हणाली. "ह्यो ठिपका बांधापशी, ह्यो हिरीपशी. तिथल्याच तुरी वाळायल्यात."

शुभदाला हसू आलं. तुरीवर मर रोग दरसालचा, त्याला आभाळ काय करणार! तरी मायच्या समाधानासाठी तिने टेप घेऊन वावर मोजलं आणि नकाशाशी ताडून पाहिलं. विझलेले ठिपके अकरा, वाळलेली झाडं अकरा. एकही वीतभर इकडे तिकडे नव्हतं.

बारावा ठिपका गोठ्यात, शेळीच्या खुंट्यावर येत होता. मंगळवारच्या नोंदीत तो दिसेना, तशी ती गोठ्याकडे धावली. सकाळी धडधाकट असलेली शेळी मान टाकून पडली होती. तोंडातला चारा हिरवागार होता.

"कवा इझला गं त्यो?" मायने हळूच विचारलं.

"सव्वीस हजार वर्षांपूर्वी. आपल्याला आत्ता कळलं."

"म्हंजे आधीच ठरलंय."

शुभदा पुन्हा नकाशाकडे वळली. तेरावाही मंद होत चालला होता. तिने तीनदा मोजलं. तो कडुनिंबाखाली, बाजेवर येत होता.

बाप गेल्यावर मोलमजुरी करून शिकवणारी ही माय. तिला गमावायच्या कल्पनेनेच शुभदा हादरली. पुढच्या मंगळवारी सकाळीच तिने मायला बळंबळं पालमच्या एसटीत बसवलं, मालनमावशीकडे.

"ती बाज मोडून टाक," माय खिडकीतून म्हणाली.

"आजची नोंद बघते, मग मोडते."

दुपारी फोन वाजला.

"पोचले गं. मालनपशी बसलेय."

शुभदाचा जीव भांड्यात पडला. बोलता बोलता तिने नवी नोंद उघडली. तेराव्याची जागा काळी होती.

"इझला, माय. पण तू वाचलीस!"



"शुभे, तुजा आवाज लय साफ यायलाय. कुठं बसलीस तू?"