लाल दिव्याची टोपी

प्रयोगशाळेच्या दारावर लाल दिवा असला की जर्मनीतल्या आमच्या येना शहरात शेंबडं पोरही आत पाऊल टाकत नाही. हेनिंग खुशाल शिरला! उजेड आत घुसला आणि मी सकाळपासून टिपत असलेलं चित्र पांढरंफटक झालं.

"लाल दिवा दिसला नाही तुला?" मी कडाडले.

"दिवा दिसला... पण लाल-हिरवं मला सारखंच दिसतं."

"आणि काम काय करतोस?"

"सूक्ष्मदर्शकं बनवतो. खालच्या मजल्यावर." त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "केवढी उंच आहेस गं!"

मला हसायचं नव्हतं. हसले.

मग रोज आलुबुखारचा केक घेऊन तो दाराबाहेरून विचारायचा, "रीके, कुठला रंग?"

"लाल!"

"मग थांबतो..."

पीएचडीसाठी मी बनवलेलं भिंग सपाट. काचेवर केसाहून कितीतरी बारीक खांब उभारून केलेलं. चित्र सुरेख यायचं, पण कडेला एक फिकट सावली पडायची.

"ती संगणकावर पुसून टाक," माझे मार्गदर्शक प्रोफेसर ल्युडेके म्हणाले. "परीक्षकांना स्वच्छ चित्र दाखव."

"सावली माझ्याच भिंगाची आहे. ती दिसेल."

"मग माझ्या भरवशावर राहू नकोस."

आमच्याकडे नव्या डॉक्टरची टोपी सोबती हाताने बनवतात. प्रोफेसरांच्या धाकाने माझ्यासाठी कुणी कात्रीसुद्धा उचलली नाही. फार लागलं मला ते.

"सावली पुसलीस तर टोपी मिळेल," हेनिंग हळूच म्हणाला.

"डोकं उघडं राहिलं तरी चालेल. वाकणार नाही!"

परीक्षेत मी सावली दाखवली. परीक्षकांनी तिच्यावरूनच मला पिळून काढलं... आणि पास केलं. बाहेर सगळे हातात ग्लास घेऊन ल्युडेकेंच्या तोंडाकडे बघत उभे. टाळी वाजेना.

तेवढ्यात जिन्यावरून हेनिंग धापा टाकत आला. हातात पुठ्ठ्याची वेडीवाकडी काळी टोपी, शेंड्यावर पेटलेला दिवा.

"लालच आहे ना? दुकानदाराला पुन्हा पुन्हा विचारलं." त्याने हात उंचावले, पुरेनात. "रीके... जरा वाक ना."

"वाकणार नाही म्हटलं होतं ना?"

तो मनापासून हसला. ल्युडेकेंच्या शेजारची खुर्ची ओढून तिच्यावर चढला आणि सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. पहिल्यांदाच त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले.

"प्रेम करतो तुझ्यावर," तो म्हणाला. "आता उतरू?"

"खबरदार उतरलास तर!" मी म्हणाले, आणि ल्युडेकेंच्या देखत त्याचं चुंबन घेतलं.