ओहोटीचा तक्ता

लाईट आता दोन तास तरी येत नाही. मोबाइलची बॅटरी वाचवा आणि गच्चीवर नीट बसा. कापडाचे लूम बंद पडले की आपल्या या कामतघर भागात एवढी शांतता होते की माणसाला स्वतःचे विचार ऐकू येतात. सवय नसते, म्हणून भीती वाटते.

"आजोबा, भुताची सांगा," रुचिका म्हणते. "पण खरी."

खरी म्हणजे माझ्या ओळखीच्या माणसाची. मी स्वतः भूत बघितलेलं नाही, छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढूनही.

रवींद्र माझ्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं होता. काम नकलांचं. जुना कागद समोर ठेवायचा आणि तस्साच उतरवून द्यायचा. मूळ नकाशात विहीर रस्त्याच्या मधोमध दाखवली असेल, तर रवींद्रच्या नकलेतही ती मधोमधच. मी म्हणायचो, "अरे, त्या विहिरीत बैलगाडी पडेल." तो म्हणायचा, "दत्तूभाऊ, सुधारायचं काम साहेबांचं. आपण उतरवायचं." अक्षर मात्र असं की जप्तीची नोटीससुद्धा लग्नपत्रिकेसारखी दिसायची.

गेल्या वर्षी चार डिसेंबरला, गुरुवारी, दुपारी साडेतीनला तो एका साध्या कामाला घरातून निघाला. मुलाची कयाक विकायची होती. खारबावच्या पलीकडे खाडीवर एक धक्का आहे, तिथल्या केसरीनाथ कोळ्याच्या अंगणात ती वर्षभर पालथी पडून होती. गिऱ्हाईक चार वाजता येणार होतं.

कयाक म्हणजे एका माणसापुरती प्लास्टिकची होडी. ही पिवळी होती. लांबून वाटायचं, कोणीतरी खाडीत केळं सोडलंय.

"मी बघितलीय रीलमध्ये," विशाल म्हणतो.

रीलमध्ये चिखल दिसत नाही, बाळा.

सुमित रवींद्रचा एकुलता एक. सव्वीस वर्षांचा, गोदामात शिफ्टची नोकरी. रविवार आला की हा कयाक घेऊन खाडीत. कांदळवनाच्या कडेने, गुडघा-दोन गुडघे पाण्यात जिताडा मासा फिरतो, त्याच्यामागे. गळाची काडी करंगळीएवढी आणि दोरी केसासारखी. मी म्हटलं, "याने मासा धरतोस की पतंग?" तर म्हणतो, "काका, जाड दोरीवर मासा नुसता येतो. बारीक दोरीवर तो काय म्हणतो तेपण ऐकू येतं." आणि एवढं करून मासा धरला की फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. त्याच्या आई, वनितावहिनी, विचारायच्या, "आता काय फोटोचं कालवण करू?"

तर या पोराला बापाने भरती-ओहोटीचा तक्ता करून दिला होता. दर महिन्याला नवा. मुंबई बंदराचं छापील पुस्तक आणायचं, त्यातून वेळा उतरवायच्या. भरती निळ्या शाईत, ओहोटी लाल शाईत. प्लास्टिकच्या पाकिटात घालून तो कयाकवर बसायच्या जागेसमोर चिकटवलेला असायचा. मी विचारलं, मोबाइल आहे ना तुझ्याकडे? तर म्हणाला, "मोबाइल दगा देतो काका. बाबांचं अक्षर देत नाही."

आता ऐका. मुंबई बंदराची वेळ ही मुंबई बंदराची. खाडीतून आत आमच्यापर्यंत यायला पाण्याला वेळ लागतो. धक्क्यावरच्या लहान पोरालाही हे माहीत. मुंबईत ओहोटी सहाला संपली, तर आमच्याकडे पाणी पावणेआठपर्यंत उतरतच राहतं.

रवींद्रने छापलेलं उतरवलं. एका मिनिटाचा फरक न करता. एरवी सुमित भर भरतीत जाऊन परतायचा, म्हणून हा फरक त्याला कधी नडला नव्हता.

पंधरा डिसेंबर दोन हजार चोवीस, पौर्णिमा, रविवार. तक्त्यात लिहिलं होतं, सहाला ओहोटी संपते. सुमितने हिशोब केला की साडेसहाला पाणी चढू लागेल आणि त्याबरोबर आपण घरी. पाणी चढलं नाही. उतरत गेलं. कयाक चिखलावर बसली. ओढून काढावी म्हणून तो खाली उतरला. त्या चिखलाला तळ नाही.

रात्री अकराला कयाक एकटीच भरतीबरोबर धक्क्याला आली. सकाळच्या ओहोटीला तो सापडला. उभा होता.

त्या रात्री आम्ही सगळे धक्क्यावर होतो. केसरीनाथने बॅटरी कयाकवर मारली. तक्ता वाचला आणि म्हणाला, "ह्यो मुंबयचा टाइम हाय. हितं न्हाय चालत. कोनी लिवलाय ह्यो?"

रवींद्र माझ्या शेजारी उभा होता. ते अक्षर मी बावीस वर्षं बघितलं होतं. मी केसरीनाथला म्हटलं, बॅटरी पाण्यावर मार.

वनितावहिनींना आजही माहीत नाही. त्या म्हणतात, खाडीने नेला. रवींद्र पहाटे उठून माझ्याकडे यायचा आणि एकच विचारायचा. "दत्तूभाऊ, त्या चिखलात त्याला तीन-चार तास मिळाले. तक्ता समोरच होता. त्याला कळलं असेल ना, चूक कोणाची ते? तो माझ्यावर रागावून गेला का रे?"

आमच्या खात्यात उत्तर नसलं की फाइल पुढच्या टेबलावर सरकवायची. पुढे टेबलच नव्हतं.

तर, चार डिसेंबर. वर्ष झालं. तारीख वेगळी, पण मार्गशीर्षातली पौर्णिमा तीच. चारला येणारं गिऱ्हाईक आलंच नाही. फोन आला, उद्या येतो. केसरीनाथ जाळं विणत बसला होता. रवींद्रने कयाक सुलटी केली, धुतली. मग म्हणाला, "जरा पाण्यात घालून बघतो. गळते का."

"रविभाऊ, पानी उतरतंय. चिखलान बसशील."

"इथेच आहे. धक्क्याजवळ."

केसरीनाथची पाठ वळली आणि हा गेला. कयाकसोबत ठेवलेली मुलाची गळाची काडी बरोबर घेऊन. पुढचं सगळं त्याने मला त्याच रात्री सांगितलं. बाकी कोणाला सांगितलेलं नाही.

उतरत्या पाण्याने त्याला आपोआप नेलं. वल्हं मारता येत नव्हतं, मारायची गरजही नव्हती. साडेसहाला अंधार पडला. चंद्र वर आला. कांदळवनाच्या तोंडाशी, जिथे सुमितची कयाक बसली होती, तिथेच हीही बसली. खालून चिखल घासल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

चारी बाजूंना नुसता चिखल. चंद्रप्रकाशात चकाकणारा. शंभरएक पावलांवर पाण्याची धार, आणि तीही लांब सरकत चाललेली.

त्याने काडी हातात घेतली. कधी आयुष्यात गळ टाकला नव्हता. टाकला. जवळच चिखलात पडला. दोरी सैल.

मग तो बोलला. मोठ्याने.

"सुमित… तक्ता माझा होता रे."

काही नाही. निवट्या मासे चिखलावर टपटप उड्या मारत होते. तेही थांबले.

"तुला कळलं होतं का?"

दोरी हळूहळू ताणली गेली. हिसका नाही. मासा ओढतो तशी नाही. कोणीतरी दोन बोटांत धरावी, तशी. काडीच्या टोकाला तिची थरथर रवींद्रला मनगटापर्यंत जाणवत होती.

"रागावलास का?"

दोरी सैल पडली.

…

रवींद्र मला म्हणाला, "दत्तूभाऊ, मला वाटलं, त्याने दोरी सोडली, हेच उत्तर. मग मी उठलो. एक पाय बाहेर टाकला."

तो कशासाठी बाहेर टाकला, ते मी विचारलं नाही.

पाय चिखलाला लागायच्या आत कयाक हलली.

मागून.

एक वीतभर सरकली. थांबली. पुन्हा एक वीत. रवींद्र धपकन खाली बसला. पाय आत घेतला. कयाक चिखलावरून पुढे जात होती. मागे कोणीतरी पाय उपसत होतं. चप्… चप्… आणि धाप. तरुण माणसाची. खूप दमलेल्या.

"मागे वळून बघितलं नाहीस?" मी विचारलं.

"नाही."

"का?"

"बघितलं असतं तर मी आलोच नसतो परत."

…

"बोललास काही?"

तो म्हणाला, "एवढंच बोललो… 'राहू दे बाळा. दमशील.'"

धाप थांबली नाही. कयाकही नाही. शंभर पावलं. एकेका वितीने. मग खाली पाणी लागलं, कयाक तरंगली. एक शेवटचा रेटा मिळाला, जोराचा. आणि मागे सगळं शांत.

पावणेआठ वाजले होते. पाणी फिरलं. भरतीने त्याला धक्क्याला आणलं तेव्हा केसरीनाथ आणि मी होडी घेऊन निघतच होतो. केसरीनाथनेच मला फोन करून बोलावलं होतं. आम्ही रवींद्रला उचलून वर घेतलं. पँट कोरडी. मोजे पांढरे. चिखलाचा एक शिंतोडा नाही.

केसरीनाथ मला बाजूला घेऊन म्हणाला, "दत्तूभाऊ, थयसून कयाक बिगर उतरता निंगत न्हाय. चार मानसं लागतान."

सकाळी आठला, ओहोटीला, मी आणि तो होडीतून तिथे गेलो. रात्रीची अख्खी भरती त्या चिखलावरून जाऊन आली होती. एरवी एका भरतीत सगळं पुसलं जातं, माणसाचं पाऊल काय आणि होडीचा ओरखडा काय. मी या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. बघून यावं, फाइल बंद करावी, एवढ्यासाठीच गेलो होतो.

ओरखडा होता. कांदळवनापासून पाण्यापर्यंत, सरळ, पट्टीने मारल्यासारखा. त्याच्या मागोमाग पायांची भोकं. मांडीइतकी खोल. एक… एक… एक… चिखलाच्या मधोमध सुरू झालेली. तिथपर्यंत कोणी चालत आल्याची खूण नाही. परत गेल्याचीही नाही.

ती पाण्याच्या काठापर्यंत आली होती. तिथे चिखल दबलेला होता. कोणीतरी बराच वेळ बसून राहावं, तसा.

पुढे दोन टाचांच्या खुणा होत्या. बसणाऱ्याचं तोंड धक्क्याकडे.