उरलेला ताण

उज्ज्वला खैरनार यांच्या गॅलरीतल्या सीएनसी मशीनवर सोसायटीचा राग होता, आणि तो अगदीच अनाठायी होता असं म्हणवत नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या बायका भिशी लावतात, सहलीला जातात. या बाईंनी नाशिकमधल्या आपल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात संगणकाच्या हुकमाने धातू कोरणारं यंत्र मांडलं. त्यावर त्या हार्मोनियमच्या पितळी जिभल्या कापत. जिभली केसभर जाड झाली तरी सूर बिघडतो, म्हणून बाई जिवाचं रान करत.

विकतचं यंत्र थरथरायचं. बाईंनी घरगुती सुधारणा सुरू केल्या. एक लोखंडी तुळई आणून तिची दोन्ही टोकं गॅलरीच्या दोन खांबांना बोल्टने आवळली आणि यंत्र तिच्यावर बसवलं. तुळईला ताणरंग दिला. या रंगातले सूक्ष्म कण धातू कुठे आणि किती ताणला जातोय ते कळवतात. मग त्यांनी सवयशोधक नावाची आज्ञावली लिहिली. लिफ्ट वर आली, गच्चीवरची टाकी भरली, भिंत उन्हाने तापली की तुळई किंचित वाकायची. सवयशोधक हे वाकणं शिकून घ्यायचा आणि कापताना पातं तेवढंच उलट सरकवायचा. जिभल्या सुरेल निघू लागल्या आणि बाई हवेत तरंगू लागल्या.

गेले काही महिने मात्र जिभल्या एका कडेला जाड निघत होत्या. बाईंनी आणखी एक सुधारणा केली. कारण कळो न कळो, चूक दिसेल तेवढं पातं सरकवायचं. सूर पुन्हा जुळले.

अशातच जिन्याच्या प्लास्टरला तडे गेले आणि अध्यक्ष पिंगळ्यांनी मशीनकडे बोट दाखवलं. रविवारी सभा ठरली. त्या दिवशी सभेआधी बाईंनी आपले कॉलेजमधले मित्र निसार मुलाणी यांना घरी बोलावून घेतलं. ते कंपनशास्त्राचे प्राध्यापक होते.

"निसार, तू फक्त एवढं सांग की हे तडे माझ्या मशीनने पडले नाहीत. तुझं ऐकतील ते. हे गेलं तर मी दिवसभर काय करू?"

"याच्याने पडणार नाहीत. शेजारचा मिक्सर जास्त हादरवतो." मुलाणी यंत्राच्या पडद्याकडे पाहत होते. "पण इथे दुरुस्तीची मर्यादा संपली असं का लिहिलंय?"

"तुळई वाकतेय. स्वस्तातली आणली ना."

"लिफ्टचा ताण येतो आणि जातो. टाकीचाही, उन्हाचाही. जे परत येतं ते सगळं वजा कर. काय उरतं ते बघू."

बाईंनी वजा केलं. पडद्यावर एकच रेघ उरली. ती सतत खाली उतरत होती, कधीच मागे फिरली नव्हती, आणि या आठवड्यात तिचा उतार वाढला होता.

"नवी तुळई घालते," बाई म्हणाल्या.

"तिच्यातही हेच दिसेल. उज्ज्वला, तुळईला धरून कोण आहे?"

बाईंनी खांबांकडे पाहिलं. दोन्ही टोकं त्यांनी स्वतः आवळली होती, तीही पाना पुरे म्हणेपर्यंत. एक टोक खाली गेल्याशिवाय तुळई अशी वाकणार नव्हती, आणि खांब खचल्याशिवाय टोक खाली जाणार नव्हतं. ताणरंग महिनोन् महिने उजव्या टोकाकडे बोट दाखवत होता. त्यांच्या लाडक्या सुधारणेने तेच झाकून सुरेल जिभल्या काढल्या होत्या. बाईंना भीती वाटली, आणि लाजही.

"किती वेळ आहे?"

"मला सांगता येणार नाही. आधी सगळ्यांना बाहेर काढ. मी महापालिकेला आणि अग्निशमन दलाला फोन लावतो."

खाली पार्किंगमध्ये सभेसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. चहा फिरत होता. त्यांच्या गॅलरीतला उजवा खांब चार मजले सरळ उतरून इथेच येत होता, आणि त्याला पाठ टेकून पिंगळे बसले होते.

"या, खैरनार मॅडम," ते म्हणाले. "तुमची बाजू मांडा. पण सगळ्यांचं मत झालंय. मशीन उद्या हलवायचं."

"मशीन राहू दे," बाई म्हणाल्या. "हलायचं आपल्याला आहे. वर कोण कोण आहे त्यांना हाका मारा आणि आहात तसे रस्त्यावर चला. पिंगळे, आधी तुम्ही त्या खांबापासून उठा."